केळ्यांच्या खोक्यातले गुरू

गेल्या मार्चमधली गोष्ट. शनिवारी सकाळी पाव आणायला म्हणून दार उघडलं, तर उंबऱ्याशी केळ्यांचा खोका. जर्मनीतल्या वाचकांना हा खोका काय चीज आहे ते सांगायला नको. सुपरमार्केटात मागितला की फुकट मिळतो, जाड पुठ्ठ्याचा, दोन्ही अंगांना हात घालायला भोकं. या देशात माणसं घरं बदलतात ती या खोक्यांच्या जोरावर. आम्ही १९८४ साली हायडेलबर्गला आलो तेव्हा आमचा सगळा संसारही असल्याच सहा खोक्यांत मावला होता.

(आम्ही म्हणजे आम्ही दोघं. चाळीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर कुठलं मत कुणाचं याचा हिशेब राहत नाही, आणि चुका तर निम्म्या-निम्म्या वाटून घेतलेल्याच बऱ्या. म्हणून या लेखात 'आम्ही'.)

खोका काही उचलवेना. आत रेकॉर्डी होत्या. जुन्या, बारा इंची, एका रांगेत उभ्या लावलेल्या. मोजल्या तर एकतीस. मागच्या बाजूला रबरबँडने बांधलेल्या थोड्या सीड्या. वर एक चिठ्ठी, छापल्यासारख्या अक्षरात: 'वरच्या कुटुंबासाठी. कृपया पुढून सुरुवात करावी.'

अक्षर ओळखीचं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी त्याच आठवड्यात नेकर नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात राहायला गेले होते. ऐंशीला टेकलेले, एकटे. सारी उमर छापखान्यात गेली. आधी खिळे जुळवले, मग खिळे जाऊन पडदे आले, तेही शिकले. त्यांचं नाव आम्हाला अर्थातच माहीत होतं, पण घरात ते कधी कुणी घेतलं नाही. घरात ते 'ढोलवाले'.

हे नाव का पडलं ते सांगायला हवं. आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन शांतता, रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर शांतता. जिना झाडायच्या पाळीचा बोर्ड आळीपाळीने दारावर लटकतो. असल्या शिस्तीच्या घरात दर शनिवारी ठोक चार वाजता खालून आवाज सुरू व्हायचा. आधी गिटार कण्हल्यासारखी, मग कोणीतरी पिंपं बडवतंय असा गदारोळ. फडताळातल्या वाट्या वाजायच्या. आम्ही पुण्याच्या सदाशिव पेठेतून आलेले. गणपतीच्या दहा दिवसांत कितीही आवाज चालतो, पण तो आपला! हा परका. दोन वर्षं कळ काढली आणि १९८६ साली शब्दकोश पुढ्यात घेऊन एक पत्र लिहिलं. 'आदरणीय महोदय' वगैरे. त्यांनी लगोलग वर येऊन क्षमा मागितली. पुढच्या शनिवारपासून आवाज निम्मा, वेळ चार ते सहा, आणि कधी साडेसहा होणार असतील तर आदल्या दिवशी आमच्या पेटीत चिठ्ठी.

आता खरं सांगायचं तर उलट्या बाजूने त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. आमच्याकडे सकाळी सहाला भीमसेन लागायचे. आमच्यातला एक तबला वाजवतो. वाजवतो म्हणजे पेठेतल्या भजनी मंडळात साथ करायचा तेवढाच, पण इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत दुसरं कोणी नसल्यामुळे त्याला 'तबलजी' म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. या तबलजीचा रियाज ढोलवाल्यांनी चाळीस वर्षं छपरातून ऐकला. एकदाच धावत वर आले होते. ते प्रेशर कुकरची पहिली शिट्टी ऐकून! त्यांना वाटलं बॉयलर फुटतोय. आम्ही हसलो, वरणभात खायला घातला. शिट्टीबद्दल पुन्हा अवाक्षर नाही.

अशाच एका भेटीत आम्ही विचारलं, तुम्ही हे शनिवारी ऐकता काय? ते म्हणाले, 'गुरू गुरू.'

आम्हाला वाटलं चेष्टा करताहेत. पण नाही, बँडचं नावच ते. आणि खरं सांगतो, मनाला लागलं. तो काळ आठवा. आम्ही पुण्याचे म्हटलं की समोरच्या जर्मन माणसाचे डोळे चमकायचे: 'आ, पूना! भगवान!' कोरेगाव पार्कच्या आश्रमामुळे पुणं म्हणजे भगव्या झग्यातल्या गोऱ्या मंडळींचं गाव, एवढीच ख्याती. शनिवारवाडा, भांडारकर संस्था, सवाई गंधर्व, सगळं पाण्यात. त्यात आता आपला पवित्र शब्द दोनदा उच्चारून पिंपं बडवणारे! आम्ही विषय बदलला. त्यानंतर बँडबद्दल आम्ही काही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये ढोलवाले तंबू, गमबूट आणि बिअरचा खोका घेऊन निघायचे. हायडेलबर्गच्या मागे ओडेनवाल्डचे डोंगर आहेत. नेकरच्या काठाने गाडीने हिर्शहोर्नला जायचं, तिथून वरच्या खोऱ्यात फिन्केनबाख नावाचं खेडं. तिथल्या खेळाच्या मैदानावर उन्हाळ्यात मोठा संगीत-मेळा भरायचा आणि त्याचे यजमान हेच 'गुरू गुरू'. त्यांनी आम्हाला तीन-चारदा तरी बोलावलं. आम्ही कधी पावसाचं कारण दिलं, कधी पाहुण्यांचं. आमची लेक मात्र लहानपणी खाली पडलेला चेंडू आणायला म्हणून जायची ती तासभर यायची नाही. तिला तिथे केक मिळायचा, एवढंच आम्हाला ठाऊक.

तर असा तो खोका. टाकून द्यायचा धीर होईना, ठेवायला जागा नाही. शेवटी 'निदान ऐकून तरी परत करू' या विचाराने किर्शहाइमच्या मैदानावर भरणाऱ्या जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड-प्लेअर आणला. चिठ्ठीत पुढून सुरुवात करा म्हटलं होतं. पण पुढची पहिली रेकॉर्ड काही 'गुरू गुरू'ची दिसेना. मुखपृष्ठावर जॅझ आणि इंडिया असे शब्द. चुकून आलेली दिसते, म्हणून ती बाजूला ठेवली आणि दुसरीपासून सुरुवात केली. वाचकहो, ही बाजूला ठेवलेली रेकॉर्ड लक्षात असू द्या.

दुसरी म्हणजे 'उफो', १९७०. उडत्या तबकडीला जर्मनमध्ये उफो म्हणतात. तीन माणसं. ढोलांवर मानी नॉयमायर, बासवर उली ट्रेप्टे, गिटारवर आक्स गेनरिश. गाणं असं जवळजवळ नाहीच. पहिल्या बाजूला आम्ही चहा दोनदा गरम केला, तिसऱ्यांदा गरम करायला उठलो ते खोलीबाहेर जायला निमित्त म्हणून. पण एक गोष्ट घडली. तबलजी कपबशी हातात धरून दारातच थांबला. म्हणाला, 'हा माणूस लय सोडत नाहीये.' पुन्हा सुई मागे नेली. आम्ही चाळीस वर्षं जमिनीतून फक्त धडधड ऐकली होती, फरशीने गाळून दिलेली. आता वरचं सगळं ऐकू आलं. झांजांची किणकिण, काठीची कडा, मधली रिकामी जागा. ठायीत सुरू करून दुपटीला जाणं, तिथून मोडून पुन्हा ठायीत येणं. पद्धत आपली नाही, पण मोजणारं डोकं आहे.

दर रेकॉर्डीच्या आतल्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. विकत घेतल्याची तारीख, किती मार्क पडले, कुठे ऐकलं, सोबत कोण होतं. १९७१च्या 'हिन्टेन'वर लिहिलं होतं, 'आईपासून लपवली.' का, ते मुखपृष्ठ पाहिल्यावर कळलं. हिन्टेन म्हणजे 'मागे', आणि मुखपृष्ठावर चार जणांचा मागचाच भाग आहे, वस्त्रांविना, एकेकावर एकेक अक्षर. जी, यू, आर, यू. आपल्या अंकात तो फोटो संपादक छापणार नाहीत, म्हणून वर्णनावर भागवतो. त्यांच्या आईची आणि आमची मतं इतकी जुळतील असं वाटलं नव्हतं.

१९७२ची 'केंगुरू'. कांगारूचं जर्मन नाव केंगुरू, त्याच्या पोटात गुरू आहेच! कोनी प्लांक नावाच्या नाणावलेल्या ध्वनिमुद्रकाच्या हातची. सबंध खोक्यातली आम्हाला आवडलेली हीच सर्वांत उत्तम. चारच तुकडे, पण प्रत्येकाला उठाव आहे, विसावा आहे, आणि मधूनच थट्टा आहे. तोवर आम्हाला कळलं होतं की ही मंडळी स्वतःला फार गंभीरपणे घेत नाहीत. तबलजीने तर मान्यच केलं की 'केंगुरू'च्या एका तुकड्यात त्याची मान आपोआप समेवर गेली. त्यांच्याकडे सम नसते असं त्याचं म्हणणं होतं, ते त्याने मागे घेतलं.

पार्श्वभूमी थोडी सांगतो, कारण आम्हीही ती आत्ताच वाचली. १९६८ साली 'गुरू गुरू ग्रूव्ह' या नावाने सुरुवात. तो सगळा विद्यार्थ्यांच्या चळवळीचा काळ. समाजवादी विद्यार्थी संघटनेबरोबर कार्यक्रम करायचे, दोन गाण्यांच्या मधे राजकीय मजकूर वाचून दाखवायचे, तुरुंगात जाऊन कैद्यांसाठी वाजवायचे. मग ओडेनवाल्डमध्ये सगळ्यांनी एकत्र बिऱ्हाड थाटलं. तिथे कुठकुठल्या गोळ्या घेऊन वाजवायचे तेही लपवून ठेवलेलं नाही. 'उफो'मधल्या एका तुकड्याच्या नावातच ते आहे. म्हणजे आदर्श घालून द्यावेत असले हे गुरू नव्हेत!

१९७२ नंतर ट्रेप्टे निघून गेला, पुढे गेनरिशही गेला. माणसं येत राहिली, जात राहिली. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांसारखंच. नट बदलतात, बिऱ्हाडं हलतात, कर्जं होतात, पण मालक-नट रंग लावून उभा असतो तोवर कंपनी आहे. इथले मालक-नट मानी नॉयमायर. १९७३ सालच्या रेकॉर्डीत त्यांनी 'एलेक्ट्रोलुर्ख' नावाचा एक प्राणी जन्माला घातला. लुर्ख म्हणजे बेडकाच्या जातीतला, पाण्यात नि जमिनीवर राहणारा, आणि हा विजेवर जगणारा! त्याचा मुखवटा चढवून ते पुढे कित्येक वर्षं रंगमंचावर येत राहिले. पुढे जपानमध्येही त्यांचे भक्त निघाले, इतके की टोकियो टॉवरमधल्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात त्यांचा पुतळा होता. तो संग्रह २०१३ साली बंद झाला.

आता चाहत्याने खरं बोलायचं म्हणजे सगळंच चांगलं नाही. (चाहता हा शब्द आम्ही वापरला खरा!) सत्तरीच्या उत्तरार्धातल्या काही रेकॉर्डी हलक्याफुलक्या आहेत, १९७६ची 'टँगो फँगो' तर निव्वळ टवाळी आहे, गंमत वाटते पण पुन्हा लावावीशी वाटत नाही. ऐंशीच्या दशकातल्या काही सपक, मीठ विसरल्यासारख्या. एका पाकिटावर तर ढोलवाल्यांनीच पेन्सिलीने लिहिलंय, 'वाईट. तरीही.' त्या 'तरीही'वर आम्ही बरंच बोललो. दुकानात मिळतात ते सोनेरी अक्षरांचे संच, पन्नास वर्षांतलं निवडक, नव्याने उजळलेलं, सोबत रंगीत पुस्तिका. आमच्याकडेही आहेत, लताबाईंचे, बाबूजींचे. त्यात वाईट वर्षं कुणीतरी आधीच काढून टाकलेली असतात. या खोक्यात काही काढलेलं नव्हतं. बँडची पन्नास वर्षं होती तशी, आणि पाकिटांवर ढोलवाल्यांचीही होती तशी. 'हिच्याबरोबर ऐकली.' चार रेकॉर्डींनंतर, 'एकट्याने.' १९८६ सालच्या एका खरेदीवर, 'वरच्यांमुळे हळू आवाजात.' ते वाचून आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

सगळं ऐकून होईस्तोवर मे महिना उजाडला. लेक हॅम्बुर्गला असते. तिला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, 'आई, पण साठेकाकांची ऐकलीत का?'

'कोण साठेकाका?'

'अगं, पहिलीच असते ना ती! तबला वाजवतात ते. मला त्यांनी दाखवली होती, मी दुसरीत असताना. मी नाव वाचलं आणि म्हटलं, हे साठेकाका. तेव्हापासून तेही साठेकाकाच म्हणतात. मला वाटलं तुम्हाला माहितीये.'

आम्ही फोन ठेवला आणि कपाटावरून ती बाजूला टाकलेली रेकॉर्ड काढली.

'जॅझ मीट्स इंडिया', १९६७. एका बाजूला इरेन श्वाइत्सर या स्विस पियानोवादक बाईंचं त्रिकूट. त्यातला बासवाला उली ट्रेप्टे, ढोलवाला मानी नॉयमायर. म्हणजे 'गुरू गुरू' जन्मायच्या आधीचे तेच दोघे! दुसऱ्या बाजूला दीवाण मोतीहार यांचं त्रिकूट. सतार आणि गायन स्वतः मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर, आणि तबल्यावर केशव साठे. शिवाय मानफ्रेड शूफ यांचा ट्रंपेट आणि बार्ने विलेन यांचा सॅक्सोफोन. ध्वनिमुद्रण फिलिंगेनला, आपल्याच राज्यातल्या काळ्या अरण्यात, रेडिओ बनवणाऱ्या साबा कंपनीच्या लेबलवर. घडवून आणणारे योआखिम-एर्न्स्ट बेरेन्ट, ज्यांनी पुढे १९८३ साली 'नादब्रह्म' याच नावाचं जर्मन पुस्तक लिहिलं. दोन्ही बाजू मिळून तुकडे तीनच. एकाचं नाव 'याद'. दुसऱ्याचं 'ब्रिगाख आणि गंगा'. ब्रिगाख हा फिलिंगेनमधून वाहणारा लहानसा ओढा. दोन ओढे मिळून डॅन्यूब होते, त्यातला एक. गंगेच्या शेजारी ओढ्याचं नाव लिहिण्यात जी नम्र थट्टा आहे, ती आम्हाला फार आवडली.

आणि केशव साठे. मुंबईत १९२८ साली जन्म, १९५६ साली लंडनला. म्हणजे आमच्या कितीतरी आधी समुद्र ओलांडलेले. १९६६ साली जमैकाचे जो हॅरियट आणि कलकत्त्याचे जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ स्वीट'मध्ये तबला त्यांचाच. १९७२ साली 'मॅजिक कार्पेट' या लंडनच्या चमूत तेच. १९७७ साली इंग्लिश लोकसंगीतवाल्या जॉन रेनबोर्न यांच्या साथीलाही तेच. परक्या मंडळींत जाऊन, त्यांची लय सांभाळून, आपली न सोडता वाजवायचं काम या गृहस्थांनी वर्षानुवर्षं केलं. २०१२ साली ते गेले. आणि आम्ही, तबला घरात असलेली मराठी माणसं, नावसुद्धा ऐकलेलं नाही. आमच्या मते परदेशातला तबला म्हणजे अल्लारखाँ आणि झाकीरभाई. संपलं.

आतलं पाकीट बाहेर काढलं. पेन्सिलीने दोन ओळी. पहिली, 'केशव साठे, मुंबई.' दुसरी वेगळ्या पेन्सिलीने, तारीख १९८४ सालच्या ऑक्टोबरची, म्हणजे आम्ही राहायला आलो त्याच महिन्यातली: 'वरच्यांना विचारणे.'

दुसऱ्या दिवशी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. जाताना चिवडा नेला. ते खिडकीपाशी बसले होते, हात थोडे कापत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर तबलजीने विचारलं, 'तुम्ही आम्हाला साठ्यांबद्दल कधी विचारलं का नाही?'

ते म्हणाले, 'विचारलं होतं की. दिवाळीला. तुम्ही मला बोलावलं होतंत, मी रेकॉर्ड घेऊन वर आलो होतो.' थोडं थांबून म्हणाले, 'तुम्ही मागची नावं वाचलीत आणि म्हणालात, सॅक्सोफोन आहे, म्हणजे हे अस्सल नाही.'

बोलण्यात तक्रार नव्हती. कुकरच्या शिट्टीची आठवण सांगावी तसं सांगितलं. आम्हाला काही म्हणजे काही आठवत नाही. पण असं आम्ही म्हटलं असणार यात शंका नाही, कारण ते वाक्य आमचंच आहे, आमच्या आवाजातलं. किती ठिकाणी म्हटलं असेल कोण जाणे. आपल्या मुलांना, त्यांच्या मित्रांना, पोळीत चीज घालून खाणाऱ्यांना, आपले शब्द चुकीचे उच्चारणाऱ्यांना. एक माणूस सहा वर्षं थांबून, मुहूर्त पाहून, आपल्या घरातला आपलाच माणूस आपल्याला दाखवायला जिना चढून आला, आणि आम्ही त्याला अस्सल-नक्कलचा दाखला देऊन परत पाठवला! वर म्हणे आम्हाला त्यांच्या बँडच्या नावाचा राग.

त्या नावाचंही विचारून घेतलं. आम्ही म्हटलं, तेव्हा वाटायचं ही आमची चेष्टा आहे. ते म्हणाले, 'ते त्यांनाच ठाऊक. मला तर आधी वाटलं होतं कबुतरं आहेत.' जर्मनमध्ये कबुतराच्या घुमण्याला 'गुरेन' म्हणतात. आम्ही तिघंही इतके हसलो की परिचारिका डोकावून गेली.

मग तबलजीने विचारलं, 'पण तेव्हा विचारायचं काय होतं?'

ते म्हणाले, 'खालचा मोठा ढोल. तो गुंऽऽ करून वर कसा चढतो? गिटारची तार ओढता येते, कातडं कसं ओढतात? मी १९६७ पासून विचार करतोय. तुमच्या घरातूनही तो आवाज यायचा.'

पुढच्या रविवारी आम्ही तबला-डग्गा घेऊन गेलो. आश्रमातही रविवारी शांतताच पाळतात, पण दुपारी तीननंतर अर्धा तास परवानगी मिळाली. तबलजीने डग्गा त्यांच्या मांडीसमोर ठेवला. दाखवलं, कातडं ओढत नाहीत, बोटांनी 'घे' वाजवून मनगटाकडचा तळवा शाईच्या दिशेने दाबत सरकवतात. ताण वाढतो, सूर चढतो. त्यांचा कापरा हात धरून डग्ग्यावर ठेवला, बोटं तबलजीची, तळवा त्यांचा. पहिल्या दोनदा नुसतंच थप्प. तिसऱ्यांदा गुंऽऽ चढला, थोडासाच. त्यांनी हात उचलला नाही. आवाज विरेपर्यंत तसाच ठेवला. मग आमच्याकडे एकेकाकडे बोट दाखवत म्हणाले, 'गुरू. गुरू.'

जूनमध्ये आम्ही फिन्केनबाखला जाऊन आलो. मेळ्याचे दिवस नव्हते. हिर्शहोर्नला उतरलो, वरच्या खोऱ्यात गेलो. ओढा, चार घरं, एक मैदान, दोन गोलपोस्ट, भोवती झाडी. आपल्या गावच्या जत्रेची जागा एरवी दिसते तशीच, काही घडतं असं सांगूनही पटू नये. तिथे उभं राहून आम्ही किती ऑगस्ट घालवले ते मोजलं. मोबाइलवर मैदानाचा फोटो काढला, तो त्यांच्या खिडकीत लावलाय. उलीही गेला, २००९ साली. इरेनबाई २०२४च्या जुलैत गेल्या. ढोलवाले ही नावं घेतात ती शेजारपाजारची माणसं गेल्यासारखी.

खोका आता आमच्या बैठकीत आहे. शनिवारी चार वाजता आम्ही एक रेकॉर्ड लावतो, दोन्ही बाजू, आणि रविवारी त्यांना जाऊन सांगतो काय ऐकलं. 'तरीही' लिहिलेलीसुद्धा लावली. वाईटच आहे. आमच्या वर आता एक तरुण जोडपं राहायला आलंय. परवा त्यांनी अगदी सौजन्याने विचारलं की शनिवारी तुम्ही हे ऐकता काय.

जाता जाता एक विनंती, खरं म्हणजे हा लेख त्यासाठीच लिहिला. आपला अंक लंडनलाही जातो. तिथल्या जुन्या वाचकांपैकी कोणी केशव साठ्यांना प्रत्यक्ष ऐकलं असेल, एखाद्या गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमात, कुणाच्या घरी, तर संपादकांच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवा. ते कसे बसत, काय बोलत, कुणाबरोबर वाजवताना खूश असत, काहीही चालेल. आम्ही जर्मनमध्ये उतरवून घेऊ आणि रविवारी तीननंतर वाचून दाखवू. 'वरच्यांना विचारणे' असं एका पाकिटावर १९८४ सालापासून लिहिलेलं आहे, आणि आमच्याकडे उत्तर नाही.